साडभाऊंचे वकीलसाहेब

आमच्या थोरल्या साडूंसारखा, स्वतःच्या चुकीतून आणखी मोठा होऊन बाहेर पडणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडणार नाही. बाकीची माणसं चुकली की गप्प बसतात, निदान विषय तरी बदलतात. साडू चुकले की चहा मागवतात, शेजारच्या दुकानदारांना हाक मारतात आणि आपली चूक नव्या नातवाला दाखवावी तशी सगळ्यांना दाखवतात. लोक त्यांच्या पाया पडायचेच काय ते बाकी राहतात. मी गेली पंचवीस वर्षं अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो आहे. एवढ्या काळात माझी एखादी चूक कोणाला आवडल्याचं मला आठवत नाही. खरं सांगायचं तर माझं बरोबर असलेलंही फारसं कोणाला आवडलेलं नाही. तेव्हा हे सगळं मी शांत मनाने लिहितो आहे असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. मी साडूंवर जळतो. लग्न झालं त्या दिवसापासून जळतो, आणि अलीकडे तर त्यासाठी फार उत्तम कारण मिळालं होतं.

साडू अकोल्याचे. जळालेल्या पाण्याच्या मोटारी रिवाइंड करून द्यायचं त्यांचं दुकान आहे. ते आता मुलगा चालवतो, आणि दुकानापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोठ्या कूलरच्या तोंडाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर साडू बसतात. बसतात म्हणजे दरबार भरवतात. अनोळखी माणसाला बोलतं करायची त्यांची हातोटी मी अजून दुसऱ्या कोणात पाहिली नाही. एकदा आम्ही दोघं एसटीने अकोल्याहून अमरावतीला येत होतो. मूर्तिजापूर यायच्या आत त्यांना शेजारच्या प्रवाशाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते कळलं होतं, आणि तो बडनेऱ्याला उतरेपर्यंत त्यांनी त्याला एक स्थळही सुचवलं होतं. मीही त्याच माणसाच्या बाजूला बसलो होतो, दुसऱ्या बाजूने. मला त्याने फक्त खिडकी लावायला सांगितली. सासुरवाडीला तर विचारूच नका. आम्ही दोघं जावई एकाच दिवशी पोचलो की सासूबाई साडूंसाठी रोडगे आणि वांग्याची भाजी करायला घेत, आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, "तुमाले चालन ना?" मला चालायचं. पण प्रश्न असा विचारला की घास थोडा अडतो. सासऱ्यांच्या शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद निघाला तेव्हा घरात सनद घेतलेला वकील जावई बसलेला असताना त्यांनी सल्ला विचारला तो साडूंना, आणि साडूंनी जे सांगितलं ते दुर्दैवाने बरोबर होतं.

इतकं असूनही एक गोष्ट माझी एकट्याची होती, ती म्हणजे कागद. भाडेकरार, भागीदारीपत्र, बटईच्या शेतीचा करार, यातलं काहीही करायचं झालं की दोन्ही घरांची माणसं माझ्याकडे येत. माझ्या सीनियरनी दिलेले नमुने माझ्या कपाटात आहेत. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' अशा भारदस्त सुरुवातीचे. त्यात नावं, गावं आणि तारखा बदलायच्या, टायपिस्टला सांगायचं, की कागद तयार. त्या कपाटासमोर मी बसलो की साडूसुद्धा मान खाली घालून ऐकत. मग मोबाइलवर ती नवी यंत्रं आली. आपण बोलायचं आणि त्यांनी लिहून द्यायचं. साडूंच्या मुलाने एका कंपनीला तक्रार लिहायला ते घेतलं, आणि बापाला सहज दाखवलं. त्या दिवसापासून माझं कपाट धुळीला मिळालं म्हणायला हरकत नाही.

पहिला करार शेवग्याचा झाला. साडूंच्या गल्लीत एकाच्या अंगणातलं शेवग्याचं झाड भिंतीवरून दुसऱ्याच्या अंगणात वाकलं होतं, आणि शेंगा कोणाच्या यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. साडूंनी दोघांना शेडमध्ये बसवलं, मोबाइल समोर ठेवला आणि त्याला सांगितलं की झाड याईचं हाय, पण शेंगा त्याईच्या अंगणात पडतात, आणि दोघंही माणसं तशी चांगली हायत. यंत्राने उत्तर दिलं ते असं की, सदर वृक्षाची मालकी पक्षकार क्रमांक एक यांची राहील, तथापि पक्षकार क्रमांक दोन यांच्या हद्दीत पडणाऱ्या शेंगांचा उपभोग त्यांना विनातक्रार घेता येईल. साडूंनी ते मंगलाष्टकं म्हणावीत तशा सुरात वाचून दाखवलं. आपल्या शेंगांबद्दल कोणी एवढं उंची बोलेल याची दोन्ही घरांना कल्पना नव्हती. ते इतके भारावले की तिथल्या तिथे सह्या करून त्याच संध्याकाळी शेवग्याचं वरण एकमेकांकडे पाठवून मोकळे झाले. माझ्या कोणत्याही करारानंतर पक्षकारांनी एकमेकांकडे वरण पाठवलेलं नाही.

त्यानंतर मात्र साडूंना आवरणं कठीण झालं. दूधवाल्याशी करार, गच्चीवर पापड वाळवू देणाऱ्या शेजारणीशी करार. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावर त्यांनी खुद्द ताईंशी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीशी, करार केला. ताईंनी तो चष्मा लावून वाचला, खाली पेनने 'हे सगळं त्यांनीच करायचं' अशी ओळ जोडली आणि मग सही केली. साडू ती ओळ आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात. हळूहळू बाजारातले लोक येऊ लागले. डाळमिलला बारदाना पुरवणारा, रसवंतीवाला, टेम्पो भाड्याने देणारा. साडू कोणाकडून काही घेत नसत. उलट चहा पाजत.

हे सगळं मी सहन केलं असतं. सहन झालं नाही ते नाव. साडू त्या यंत्राला 'वकीलसाहेब' म्हणत. मजकूर सांगण्याआधी शर्टाचं वरचं बटण लावत, मोबाइल दोन्ही हातांनी टेबलावर ठेवत आणि म्हणत, "वकीलसाहेब, टाइम हाय का?" उत्तर यायला उशीर झाला की समोरच्याला खुणेने गप्प करत, साहेब लिहून राहिले म्हणून. मोठा करार झाला की दमले असाल म्हणून त्याची विचारपूस करत. आणि मला, ज्याच्याकडे सनद आहे, काळा कोट आहे, ज्याच्या दारावर पितळी पाटी आहे, त्या मला ते आयुष्यभर 'साडभाऊ' म्हणत आले. तयार झालेला प्रत्येक मसुदा ते माझ्या मोबाइलवर पाठवत आणि खाली लिहीत, 'साडभाऊ, फक्त नजर टाका.' पंचवीस वर्षांच्या वकिलीची किंमत एका नजरेवर आली होती. माझ्या बायकोला मात्र यात आनंदच दिसत होता. भाऊजींनी या वयात नवीन शिकून घेतलं, ती म्हणायची, आणि तुम्ही अजून टायपिस्टसमोर बसून तेच ते सांगता. एका दुपारी ऑफिसचं दार लावून मीही ते यंत्र गुपचूप वापरून पाहिलं. त्याने जे लिहून दिलं ते हुबेहूब माझ्या कपाटातल्या नमुन्यासारखं होतं. मी त्याला बहुधा तसंच सांगितलं असणार.

अशात वलगावच्या दोन जावांचं प्रकरण आलं. या दोघी शेतात शेवंती, झेंडू आणि निशिगंध लावतात, आणि पहाटे फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात येतात. त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीचा दावा मी चालवला होता, म्हणजे ते घर माझं होतं. अकोल्याच्या एका मांडव-सजावटीवाल्याला लग्नसराईसाठी त्यांची फुलं हवी होती, आणि लेखी करार करू म्हणून तो त्यांना घेऊन गेला तो थेट साडूंच्या शेडमध्ये. माझ्या ऑफिसवरून त्या बसस्टँडला गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. मोठीने मान लववून नमस्कारही केला, आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी साडूंचा मसुदा आला. मी चष्मा पुसून वाचायला बसलो, आणि दुसऱ्या पानावर मला असा आनंद झाला की तसा मुलाच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. वकीलसाहेब चुकले होते, आणि चुकले होते ते साधंसुधं नव्हे. एक तर, करार चालू असेतो या बायकांना सजावटीवाल्याखेरीज कोणालाही एक फूलसुद्धा विकता येणार नव्हतं. दुसरं, गारपिटीने पीक गेलं तरी त्यांनी बाहेरून फुलं आणून द्यायची आणि त्याचं जे काही नुकसान होईल ते भरून द्यायचं. आणि तिसरी चूक तर मी पुन्हा पुन्हा वाचली, लाडू पुरवून खावा तशी. नैसर्गिक आपत्तीबद्दल लिहिताना यंत्राने कायद्याच्या ज्या कलमाचा हवाला मोठ्या ऐटीत दिला होता, ते कलम मन ठिकाणावर नसलेल्या माणसाच्या कराराबद्दलचं होतं.

आणि तेव्हा माझ्या मनात एक विचार आला. 'नजर टाकली, ठीक आहे,' एवढंच लिहून पाठवलं तर? सह्या होतील, लग्नसराई येईल, कुठेतरी ठिणगी पडेल, आणि मग सगळी अकोला-अमरावती साडूंना विचारील की तुमचे वकीलसाहेब कुठे आहेत. मी ते शब्द टाइप केले. पाठवले नाहीत, पण पुसलेही नाहीत. तसाच मोबाइल उलटा ठेवून चहा प्यायला गेलो.

परत आलो तर मोठी जाऊ बाकावर बसली होती. तिला जुन्या दाव्यातल्या हुकुमाची नक्कल हवी होती. मी नक्कल काढून दिली. जाताना ती दारात थांबली.

"साहेब, तुमी तो फुलायचा कागद पायला का?"

मी म्हटलं, पाहतो आहे.

"अकोल्याचे दाजी म्हनले, आमच्या साडभाऊनं पायल्याबिगर सही करायची नाही. मी म्हनलं मंग काळजीच नाही. आमाले त्यातलं काही समजत नाही, तुमी हो म्हनलं की आमी आंगठा उठवतो."

तिला सही येते, मला माहीत आहे. ती तसं म्हणाली फक्त. ती गेल्यावर मी मोबाइल सरळ केला आणि टाइप केलेलं पुसून टाकलं. पण चुका मोबाइलवर कळवून टाकण्याइतका मी थोर झालो नव्हतो. सह्या रविवारी होत्या. मी स्वतः जायचं ठरवलं. चूक दाखवायचीच तर ती त्या शेडमध्ये, त्या दरबारात, सगळ्यांच्या देखत.

रविवारी बायकोला घेऊन, आणि ताईंना आवडतो म्हणून अमरावतीचा गरम गिला वडा बांधून, मी अकोल्याला पोचलो. शेड भरली होती. सजावटीवाला, तरतरीत आणि थोडा घाईत असलेला तरुण माणूस, मोबाइलवर बोलत उभा होता. दोघी जावा बाकावर अगदी टोकाला बसल्या होत्या. ताई आणि त्यांची सून दारात, शेजारचे दोघेतिघे उगाचच. साडूंनी माझं स्वागत केलं ते नवरदेव आल्यासारखं, आणि कागद माझ्या हातात दिला. मी उभा राहिलो. कोर्टात आवाज लागत नाही असे माझे दिवस असतात, पण त्या दिवशी लागला. मी पहिली चूक सांगितली आणि धाकट्या जावेकडे पाहून म्हटलं की या कागदाप्रमाणे वलगावच्या देवळापुढे एक हारसुद्धा विकता येणार नाही. तिने चमकून मोठीकडे पाहिलं. मी गारपीट सांगितली. आणि मग थोडं थांबून, न्यायाधीशांसमोर थांबावं तसा थांबून, ते कलम सांगितलं. मी साडूंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. तो कधी पडतो याची मी किती वर्षं वाट पाहिली होती ते माझं मला ठाऊक.

तो पडला नाही. साडूंनी मला तिन्ही चुका पुन्हा सांगायला लावल्या, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ते मान डोलावू लागले, गवई समेवर आल्यासारखे. मग त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्याला म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी चुकले. पन चूक माही हाय. म्या तुमाले सांगतलं, फुलं याईलेच पायजेत. तुमी तेच लिहिलं."

एवढं बोलून ते लोकांकडे वळले. माझ्या पाठीवर त्यांचा हात पडला, आणि त्यांनी जाहीर केलं की हे आमचे साडभाऊ नसते तर या दोघी सालभर देवाले फूल वाहताना आपल्याले शिव्या देत बसल्या असत्या. समोरच्या हार्डवेअरवाल्याला हाक मारून बोलावून घेतलं, त्याला सगळी चूक पहिल्यापासून सांगितली. कलमाचा भाग तर त्यांनी माझ्यापेक्षा चांगला सांगितला. लोक हसले. यंत्राला नाही, साडूंना नाही, नुसते मोकळे हसले, आणि सगळे माझ्याकडे इतक्या आदराने पाहत होते की मला काही करता येईना. मी हरवायला आलो होतो, आणि ज्याला हरवायचं तोच माझा सत्कार करत होता.

चहा आला. तो पिता पिता साडूंनी दोन्ही पक्षांना एक प्रश्न विचारला. मी इतक्या वर्षांत तो कोणालाही विचारलेला नाही. शुभकार्याच्या वेळी असं काही बोलू नये असंच मला वाटतं.

"आता मले सांगा, तुमचं भांडन झालं त कशापाई होईन?"

सजावटीवाला म्हणाला, भांडण कशाला होतंय. मोठी जाऊ खाली पाहत राहिली. साडू थांबले. ते नुसते थांबू शकतात, ही त्यांची आणखी एक कला. समोरच्याला अवघडल्यासारखं न होऊ देता थांबतात. शेवटी धाकटी बोलली. तिने सजावटीवाल्याकडे न पाहता सांगून टाकलं की यांचा माणूस फुलं ओली आहेत म्हणून वजनात वाटेल तेवढी काट मारतो. सजावटीवाल्याच्या कानशिलांना रंग चढला. तो म्हणाला की तुमच्या करंडीत वर आजची फुलं असतात आणि खाली कालची. यावर मोठीने पदर तोंडाला लावला, कारण ते खरं होतं, आणि तिला हसू आवरेना. ते पाहून तो माणूसही हसला. मग जे बाहेर पडायला लागलं ते थांबेचना. वजन कोणी करायचं, टेम्पो उशिरा आला तर सुकलेली फुलं कोणाची, लग्नाची तारीख फिरली तर काय, घरात मयत झाली तर काय. या बायकांच्या जमिनीचा दावा मी वर्षानुवर्षं चालवला, आणि त्या माझ्यासमोर 'हो साहेब' आणि 'नाही साहेब' यापलीकडे गेल्या नव्हत्या. माझ्या ऑफिसात माणसं खुर्चीच्या काठावर बसतात. त्या शेडमध्ये धाकटी जाऊ मांडी घालून बाकावर बसली होती आणि गिला वडा खात खात गारपिटीबद्दल अटी घालत होती.

दुपारपर्यंत कागद नवा झाला. वजन शेतातच, दोघांसमोर. लग्नाच्या तारखांना पहिला हक्क सजावटीवाल्याचा, बाकी दिवस फुलं त्यांची, पाहिजे तिथे विका. गार पडली तर दोष कोणाचाच नाही, पण लगेच कळवायचं. साडू यंत्राला सांगत होते, यंत्र लिहीत होतं, आणि मी एकेक वाक्य तपासून त्यातली हाडं सरळ करत होतो. खरं म्हणजे तो माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला करार. त्यात माझ्या कपाटातलं एक वाक्य नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी बायकोच्या तोंडाकडे पाहत होतो. मला वाटलं, आता काही चांगलं बोलेल. बडनेरा दिसायला लागलं तेव्हा ती म्हणाली की चूक कशी कबूल करावी हे भाऊजींकडून शिकण्यासारखं आहे. मी म्हटलं, चूक मी शोधली. तर म्हणाली, "हो ना, तेच म्हणतेय मी. किती मोकळेपणानं ऐकून घेतलं त्यांनी तुमचं." त्यानंतर मी घर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पुढे जे झालं ते खरं तर मला आवडायला हवं होतं. ते यंत्र हळूहळू सगळ्यांच्याच मोबाइलवर आलं. रसवंतीवाला आपला करार आपणच करू लागला, टेम्पोवाला आपला आपण. कोणाला साडूंच्या शेडपर्यंत जायची गरज राहिली नाही. माझ्याकडे येणारे मसुदे कमी झाले, आणि पहिले काही आठवडे मी मजेत होतो. लोक आता थेट माझ्याकडेच छापील कागद घेऊन येत, उभ्या उभ्या विचारत की साहेब, एवढं बघून द्या, गाडी लावून आलो आहे. त्यातल्या चुका मी काढत होतो. पण त्या चुकांत काही मजा नव्हती. त्या कोणाच्याच नव्हत्या. मग एके दिवशी लक्षात आलं की 'फक्त नजर टाका' असं बरेच दिवसांत कोणी लिहिलेलं नाही.

ताईंचा बायकोला फोन आला तेव्हा कळलं की साडू अलीकडे शेडमध्ये जातच नाहीत. आतल्या खोलीत पंख्याखाली पडून असतात. दाढीसुद्धा सांगितली तरच करतात. मोबाइलशी बोलतात, पण कामाचं नाही. वकीलसाहेबांना जेवण झालं का विचारतात. ते नम्रपणे सांगतात की मी जेवत नाही, आणि साडू म्हणतात, बरं बाप्पा, राहू द्या. ताई हे हसत सांगत होत्या, असं बायको म्हणाली. पण ती स्वतः हसली नाही, आणि मलाही हसू आलं नाही.

त्याच सुमारास नांदगाव पेठेला कापडी पिशव्या शिवायचं छोटं युनिट टाकणारे दोन मित्र माझ्याकडे आले. लहानपणापासूनचे मित्र, भागीदारीपत्र करायचं होतं. दोघांनीही आपापल्या मोबाइलवरून एकेक मसुदा करून आणला होता. दोन्ही वाचले. एकात सगळे निर्णय पहिल्याचे होते, दुसऱ्यात सगळे दुसऱ्याचे. यांतला कायदेशीर कोणता तेवढं सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. कायदेशीर दोन्ही होते. मी कागद बाजूला ठेवले, खुर्चीत जरा सैल बसलो आणि शक्य तितक्या साडूंसारखा आवाज काढून विचारलं की तुमचं भांडण झालं तर कशावरून होईल. दोघं एकदम सावध झाले. एकमेकांकडे न बघता म्हणाले, आमचं कशाला होईल साहेब. मी साडूंसारखा थांबलोही. दोघांनी मोबाइल काढून वेळ पाहिली.

तेव्हा मी त्यांना म्हटलं की गाडी आहे ना तुमच्याकडे, तर चला, अकोल्याला जाऊ. तिथे आमचे साडू आहेत, ते या कामातले जाणकार आहेत, त्यांच्यासमोर बसल्याशिवाय मी या कागदाला हात लावत नाही. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा टायपिस्टने मान वर करून पाहिलं.

मी आधी फोन केला नाही. साडू बनियनवर होते, दाढी वाढलेली, मला पाहून उठायलाही त्यांना थोडा वेळ लागला. मी म्हटलं, साडभाऊ, एक अडलेलं काम घेऊन आलो, मला जमेना. ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत गेले. बाहेर आले ते शर्ट घालून, वरचं बटण लावून, आणि शेडमधल्या खुर्चीवर साचलेली धूळ त्यांनी स्वतः हाताने झटकली. चहा यायच्या आत त्यांना कळलं होतं की एका मित्राच्या वडिलांनी दुसऱ्याला शाळेत असताना एकदा मारलं होतं, आणि चहा संपेपर्यंत ते दोघं खरं भांडत होते, मोठ्याने, मनापासून, आणि साडू दोघांच्या मधे बसून खुशीत विचारत होते, मंग, मंग? ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "दोन महिन्यांनी आवाज ऐकला बघा याईचा." मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो. मला कोणी काही विचारत नव्हतं. शेवटी साडूंनी मला हाक मारली, त्या मुलांना सांगितलं की कागद आमचे साडभाऊ पाहतील, सही त्याच्यानंतर, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "साडभाऊ, फक्त नजर टाका."

निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. साडू रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत उभे होते. त्या दोघांची तोंडं काही थांबत नव्हती. गाडी चालवणारा म्हणाला की साहेब, तुमचे साडू लई भारी माणूस हायत, आमाले आधी काहून नाही आणलं. दुसऱ्याने सांगितलं की त्याच्या मुलीचं बारसं आहे, आणि त्याने साडूंना घरच्यासारखं आग्रहाने बोलावलं आहे. मला अजून कोणी बोलावलं नव्हतं.

छातीत ती जुनी जळजळ उठली. किती दिवसांत ती आली नव्हती, आणि आली नाही म्हणून मला कसं सुनं सुनं वाटत होतं, ते मला त्या गाडीत कळलं. मी हो म्हटलं, भारीच आहेत ते. मग काच खाली केली, वारा तोंडावर घेतला, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत मुद्दाम दुसरा कसलाच विचार केला नाही.